पायांची सूज आणि दाबाचे मोजे



सकाळी सैल असणारी चप्पल सायंकाळी घट्ट होणे, पोटऱ्या जड होऊन ठणकणे, घोट्याभोवती बोट दाबले असता खड्डा पडून तो काही वेळ तसाच राहणे, हा अनुभव आपणांपैकी पुष्कळांना असेल. वर्गात तासन्‌तास उभे राहणारे शिक्षक, बसचे वाहक, वाहतूक पोलीस, केशकर्तनकार, बेळगावचे यंत्रमाग कामगार अशा सर्वांच्या वाट्याला हा त्रास येतो. ‘वय झाले की पाय सुजायचेच’ असे म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतो. परंतु सूज हे कशाचे तरी लक्षण असते, आणि ते कशाचे आहे हे वेळीच ओळखण्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

हृदयाकडून पायांकडे रक्त उतरते ते सहज; परत वर चढते ते कष्टाने. माणूस स्तब्ध उभा असता हृदयापासून घोट्यापर्यंत सुमारे सव्वा मीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ घोट्याजवळील नीलांवर भार टाकीत असतो. हा दाब पाऱ्याच्या ८० ते १०० मिलिमीटरइतका भरतो. रक्त वर नेण्यासाठी निसर्गाने दोन सोयी केल्या आहेत. एक म्हणजे नीलांमधील झडपा, ज्या रक्ताला वर जाऊ देतात पण खाली उतरू देत नाहीत. या झडपांचे खरे कार्य विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात स्पष्ट केले. दुसरी सोय पोटरीच्या स्नायूंची. आपण चालतो तेव्हा हे स्नायू आकुंचन पावून नीला पिळतात आणि रक्त वर ढकलले जाते. निरोगी माणूस चालू लागला की घोट्याजवळचा दाब ३० मिलिमीटरच्याही खाली येतो. म्हणूनच चालणाऱ्यापेक्षा एका जागी उभे राहणाऱ्याचे पाय अधिक सुजतात.

झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, शिरा फुगून वेड्यावाकड्या दिसू लागतात आणि रक्तातील पाणी आसपासच्या मांसात झिरपते. अशी स्थिती वर्षानुवर्षे राहिली तर घोट्याच्या आतील बाजूची कातडी काळवंडते, खाज सुटते आणि शेवटी तेथे लवकर न भरणारी जखम होते.

या त्रासावरील आधुनिक मोज्यांचा इतिहास उद्बोधक आहे. कॉनराड जॉब्स्ट हे जर्मनीत जन्मलेले आणि अमेरिकेत ओहायो राज्यातील टोलेडो येथे स्थायिक झालेले अभियंते. त्यांना स्वतःलाच नीलांचा विकार होता. तलावाच्या पाण्यात उभे राहिले की आपल्या पायांना आराम पडतो, हे त्यांच्या ध्यानी आले. पाणी जितके खोल तितका त्याचा दाब अधिक. म्हणजे घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर येता येता कमी. पायांतील रक्ताच्या भाराची वाटणीही अशीच असते, त्यामुळे बाहेरील पाणी आतील भार तोलून धरते. तोच परिणाम साधणारे, घोट्याशी अधिक आणि वर क्रमाक्रमाने कमी दाब देणारे मोजे त्यांनी १९५० च्या सुमारास तयार केले.

हे मोजे निरनिराळ्या दाबांचे मिळतात. पाऱ्याचे १५ ते २० मिलिमीटर हा सौम्य दाब, २० ते ३० हा मध्यम आणि ३० ते ४० हा तीव्र. मध्यम व तीव्र दाबाचे मोजे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून वापरू नयेत. माप घोट्याचे व पोटरीचे, आणि तेही सकाळी, सूज चढण्यापूर्वी घ्यावे. मोजे अंथरुणातून उठण्यापूर्वी चढवावेत, रात्री झोपताना काढावेत. मोज्याला कोठेही चुणी राहू देऊ नये आणि वरची कड दुमडू नये. दुमडलेली कड दोरीसारखी आवळून रक्त अडवते. सुमारे सहा महिन्यांत त्यांचा ताण कमी होतो, तेव्हा ते बदलावेत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक सुजलेल्या पायाला मोजा चालत नाही. ज्यांच्या पायांच्या रोहिण्या अरुंद झाल्या आहेत, त्यांच्या पायांत मुळातच रक्त कमी पोहोचते. त्यावर दाब दिल्यास कातडी मरून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना व मधुमेह्यांना हा धोका विशेष. चालताना पोटरीत गोळा येणे, पाऊल थंडगार पडणे, बोटे बधिर होणे ही त्याची चिन्हे होत. अशांनी आधी पायांची नाडी तपासून घ्यावी.

दोन्ही पायांना सूज असून दम लागत असेल, चेहरा सुजत असेल किंवा लघवी कमी होत असेल, तर दोष हृदयाचा अथवा मूत्रपिंडाचा असू शकतो. रक्तक्षयानेही पाय सुजतात. गरोदर स्त्रीच्या सुजेबरोबर डोकेदुखी वा डोळ्यांपुढे अंधारी असल्यास रक्तदाब त्वरित तपासावा. एकच पाय अकस्मात सुजून दुखू लागला, तर आतील नीलेत रक्ताची गुठळी झाली असण्याचा संभव असतो. ती सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. अशा वेळी पाय चोळू नये, शेकू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

आपल्याकडे हत्तीरोगाचाही विचार केला पाहिजे. तो डासांमार्फत पसरतो. त्याच्या नियंत्रणासाठी राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर आदी भागांत हा रोग आढळत आला आहे. आरोग्य कर्मचारी गोळ्या देतात त्या त्यांच्यासमोरच घ्याव्यात. सूज आलेला पाय रोज साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडा करावा. भेगांतून शिरणारे जंतूच सूज वाढवीत नेतात.

मोजे विकत घेणे सर्वांना परवडेल असे नाही, पण काही उपायांना पैसा लागत नाही. शिक्षकांनी फळ्यापाशी उभे असता अधूनमधून टाचा उचलाव्यात, कार्यालयात बसणाऱ्यांनी तासाला एकदा उठून चालावे, आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर सायंकाळी अर्धा तास पाय हृदयापेक्षा उंच ठेवून पडावे. एवढे करूनही सूज उतरत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास विलंब करू नये, ही माझी आपणां सर्वांना आग्रहाची विनंती आहे.