कल्हईवाल्याच्या वाटेने : मोटारीच्या रंगाची निगा आणि फिरता कारागीर



तांब्यापितळेची भांडी ज्या काळी घरोघर वापरात होती, त्या काळी कल्हईवाला गावात येई. वाड्याच्या दाराशी तो भाता मांडी, नवसागर टाकून भांडे तापवी आणि कथलाचा पातळ थर आतून फिरवून देई. गिऱ्हाइकाने त्याच्याकडे जावयाचे नसे. कारागीरच आपली हत्यारे घेऊन गिऱ्हाइकाच्या दारी येत असे. पुढे पोलादी भांडी आली आणि हा व्यवसाय बहुतांशी लोपला. परंतु दारी येऊन काम करून देणाऱ्या कारागिराची गरज मात्र संपली नाही. मोटार धुऊन, तिच्या रंगाला पॉलिश व वॅक्स करून देणारा फिरता कारागीर हा त्याच परंपरेतला म्हणावा लागेल. दुचाकीवर किंवा लहान गाडीत यंत्र, बादल्या, कापडे आणि डबे घेऊन तो गिऱ्हाइकाच्या अंगणात येतो. शहरांत हा धंदा रुळला आहे. शेवगावसारख्या तालुक्याच्या गावी त्याला वाव किती, आणि तो कोणत्या रीतीने करावा, हा आजचा विषय आहे.

शेवगाव हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व भागातील गाव. येथून पैठण, नेवासे, पाथर्डी आणि गेवराई या चारही बाजूंना रस्ते जातात. तालुक्याच्या उत्तर अंगास गोदावरी आणि नाथसागराचा फुगवटा आहे. दक्षिणेकडे मात्र पर्जन्यछायेतील कोरडी जमीन. ऊस आणि कपाशी ही दोन्ही पिके येथे दिसतात ती यामुळेच. काळ्या मातीची बारीक धूळ, गळिताच्या हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून पडणारी काजळी, उसाच्या वाहनांनी रस्त्यावर आणलेला चिखल आणि उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारे तापमान, इतक्या गोष्टी मोटारीच्या रंगावर एकत्र काम करीत असतात. शिक्षक, डॉक्टर, व्यापारी, बागायतदार अशा अनेकांकडे आता मोटारी आहेत. त्यांतील कित्येक कर्जाऊ घेतलेल्या असतात. कर्ज फिटेपर्यंत रंग टिकावा ही अपेक्षा रास्त आहे. शिवाय जुनी मोटार विकताना तिच्या रंगावरूनही किंमत ठरते.

रंगाची रचना समजल्याखेरीज या कामाला हात घालू नये. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्स कारखान्यातून निघणाऱ्या फियाट व पद्मिनी या मोटारींच्या काळी वरचा थर हाच रंगाचा थर असे. तो उन्हाने फिका पडला म्हणजे कंपाउंड लावून घासावयाचा, फडक्याला रंग लागावयाचा, आणि खालचा ताजा रंग वर यावयाचा. आजच्या बहुतेक मोटारींची गोष्ट निराळी आहे. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक क्लिअर कोट अशी ही रचना असते. सर्व थर मिळून जाडी साधारणतः 100 ते 140 मायक्रॉन भरते; त्यांत क्लिअर कोटचा वाटा 40-50 मायक्रॉनचा. माणसाचा एक केस याहून जाड असू शकतो. चकाकी याच थराची, आणि उन्हातील अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण करणाराही हाच थर.

येथेच कल्हई आणि पॉलिश यांतला मूलभूत भेद आहे. कल्हईवाला भांड्यावर धातू चढवीत असे. पॉलिश करणारा रंगावरून काही काढून घेत असतो. ओरखडा नाहीसा होतो तो भरून येत नाही, त्याच्या भोवतालचा क्लिअर कोट त्याच्या तळापर्यंत उतरविला जातो. एका जोरकस रबिंगमध्ये काही मायक्रॉन सहज जातात. दर दिवाळीला रबिंग करून घेणाऱ्या हौशी मालकाची मोटार काही वर्षांनी टपावर व बॉनेटवर पांढुरक्या पापुद्र्यांनी का सोलवटते, याचे एक कारण हे आहे. असा थर एकदा गेला की कोणतेही पॉलिश तो परत आणू शकत नाही. मग पुन्हा रंगकाम करणे एवढाच उपाय उरतो, आणि तो महाग असतो. म्हणून जो कारागीर 'येथे रबिंग नको, नुसते धुऊन वॅक्स पुरे' असे सांगून स्वतःची मजुरी कमी करून घेतो, तोच या धंद्यात टिकतो.

बहुतेक ओरखडे रस्त्यावर पडत नाहीत, ते धुताना पडतात. कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची सवय याला सर्वाधिक जबाबदार आहे. मातीतील कण रंगाहून कठीण असतात आणि फडक्याखाली ते घासकागदाचे काम करतात. उन्हात उभ्या राहून पाहिले असता काळ्या मोटारीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या गोल रेषा दिसतात, त्या अशाच उमटलेल्या असतात. डिझेलचा बोळा फिरवून चमक आणण्याची चालकांची जुनी रीतही त्याज्य होय. ती चमक तासाभराची; तिच्यावर धूळ दुप्पट बसते आणि रबर मऊ पडते ते वेगळेच. कपड्यांची धुण्याची पूड वॅक्सचा थर काढून टाकते, म्हणून तीही नको.

पंचायत सदस्यांनी लक्ष द्यावे असा मुद्दा पाण्याचा आहे. नळीतून मिनिटाला 10 लिटर पाणी वाहते असे धरले तरी पाव तासात 150 लिटर खर्ची पडते. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण माणसाला दिवसाकाठी 55 लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले. म्हणजे जवळजवळ तीन माणसांचे दिवसाचे पाणी एका मोटारीवर गेले. ज्या तालुक्यातील काही गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, तेथे हे शोभणारे नव्हे. याला पर्याय आहे आणि तो रंगाच्याही हिताचा आहे. एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसऱ्या बादलीत हातमोजा खळबळून काढण्यासाठी साधे पाणी. आधी पिचकारी पंपाने धूळ भिजवून उतरवावयाची, मग टपापासून खाली येत मोज्याने धुवावयाचे. 40-50 लिटरांत काम होते. उरलेले पाणी शोषखड्ड्यात जावे; तेलकट इंजिन धुतलेले पाणी मात्र विहिरीच्या आसपास मुळीच सोडू नये.

दुसरी अडचण पाण्याच्या जातीची. काळ्या कातळातील बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. साबणाला फेस येत नाही, हंड्याला पांढरी पुटे चढतात, हे घरातील बायकांना ठाऊक असते. तेच कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उन्हात वाळलेल्या थेंबांतून मोटारीवर राहतात. नखाने वा पात्याने ते खरवडू नयेत. पांढरे व्हिनेगर पाण्यात पातळ करून कापडाने क्षणभर धरावे, लगेच स्वच्छ पाण्याने धुवावे. काम सावलीत करावे आणि पाणी वाळण्याआधी मायक्रोफायबर कापडाने टिपून घ्यावे, म्हणजे डाग मुळात पडतच नाहीत. सावली मात्र चिंचेची नको. तिथे पाखरे बसतात, आणि त्यांची विष्ठा तापलेल्या रंगाला खाते.

पॉलिश करणे आवश्यकच असेल तर यंत्राची निवड महत्त्वाची. एकाच आसाभोवती फिरणारे बफिंग यंत्र भराभर काम करते, पण उष्णताही तितकीच निर्माण करते. कडांवर रंग मुळात पातळ असतो. नवशिक्याच्या हातून तेथे तो जळून जातो. फिरता फिरता डोलणारे दुहेरी गतीचे यंत्र सावकाश, परंतु पुष्कळ सुरक्षित. शिकणाऱ्याने पहिले काही आठवडे भंगारवाल्याकडून आणलेल्या जुन्या बॉनेटवर किंवा दारावर हात बसवावा, गिऱ्हाइकाच्या मोटारीवर नव्हे. सर्वांत सौम्य पॉलिश आधी हातभर जागेत करून पाहावे. ते पुरले नाही तरच कंपाउंडचा विचार. नाकातोंडावर मास्क असावा. विजेची तार जोडताना अर्थिंग पाहून घ्यावे, कारण काम ओल्या अंगणात असते. वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने पॉलिशचे काम सकाळीच उरकून घेणे शहाणपणाचे.

पॉलिश काढते, वॅक्स राखते. उत्तम नैसर्गिक वॅक्स कारनौबा नावाचे. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर कोरड्या हवेपासून बचावासाठी ते साचते. ते सुमारे 82 ते 86 अंशांना वितळते. मधमाश्यांचे मेण मात्र 62-64 अंशांनाच पातळ होते. वैशाखातल्या उन्हात गडद रंगाचा पत्रा किती तापतो हे हात लावून पाहिलेल्यास या फरकाचे मोल वेगळे सांगावयास नको. वॅक्स जितके पातळ लावावे तितके चांगले. ते दोन-तीन महिने टिकते. कृत्रिम सीलंट त्याहून अधिक, आणि सिलिकायुक्त सिरॅमिक लेप आणखी अधिक काळ राहतात. मात्र 'ओरखडा पडणारच नाही' ही हमी कोणी देत असेल तर ती खोटी समजावी.

खोटेपणाला या धंद्यात जागा बरीच आहे. तेलकट ग्लेझ चोळले असता ओरखडे भरल्यासारखे दिसतात. मालक खूश होऊन पैसे देतो, आणि तिसऱ्या धुण्याला सारे ओरखडे पुन्हा वर येतात. शहरात रोज नवे गिऱ्हाईक भेटते. शेवगावात तोच मालक आठवड्याच्या बाजारात समोर उभा राहतो. यासाठी कामाआधी मोटारीभोवती मालकासह फेरी मारून जुने डाग, खरचटे वहीत लिहून घ्यावेत, आणि काय निघेल, काय निघणार नाही हे तोंडावर सांगावे.

या परिसराच्या दृष्टीने एका गोष्टीला विशेष महत्त्व आहे. शेवगाव-पाथर्डी भागातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्यातच परततात. मुलांच्या शाळेची आबाळ शिक्षकांना चांगली परिचित आहे. मोटार धुण्या-पॉलिशचा हंगामही नेमका दसऱ्यापासूनच सुरू होतो. खंडेनवमीची वाहनपूजा, लक्ष्मीपूजन, पुढे लग्नसराई. पोळ्याला बैल धुऊन, शिंगे रंगवून सजविणारा शेतकरी मोटारीच्या बाबतीतही हौस मागे ठेवीत नाही. घरातील एक तरुण या कामात स्थिरावला तर सारे कुटुंब थांबेल असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु धाकटी भावंडे आजीजवळ, शाळेजवळ राहू शकतील इतका आधार त्यातून मिळणे अशक्य नाही. पावसाळ्यात काम मंदावते, हेही लक्षात ठेवावे.

भांडवल तुलनेने थोडे लागते. दुहेरी गतीचे यंत्र, पिचकारी पंप, बादल्या, डझनभर चांगली कापडे, शाम्पू, पॉलिश, वॅक्स आणि सामान नेण्यास दुचाकी. 2015 च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात 50 हजार रुपयांपर्यंतच्या कर्जाची तरतूद तारणाविना करण्यात आली. 'उद्यम' नोंदणीला शुल्क लागत नाही. बँकेत जाण्यापूर्वी तीन महिन्यांचा हिशेब वहीत मांडलेला असावा : प्रत्येक मोटारीला लागलेला वेळ, साहित्य, पेट्रोल आणि मिळालेली रक्कम. कापडे व यंत्राच्या गाद्या झिजतात, त्यांचा खर्च पुष्कळजण या हिशेबात धरीत नाहीत. तो धरावा. कापडे वेगळी धुवावीत, जमिनीवर पडलेले कापड रंगाला पुन्हा लावू नये. ते चाकांसाठी राखून ठेवावे.