पुराचे आकडे आणि गावाची खूण

(नाशिक जिल्ह्यातील शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासाठी सिद्ध केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोदावरीला पूर आला म्हणजे नाशिककर प्रथम एकच प्रश्न विचारतात : पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले? रामकुंडाच्या परिसरात नदीलगत उभी असलेली ही भव्य मूर्ती म्हणजे शहराची जुनी पूरमापक पट्टीच होय. गुडघा, कंबर, छाती, गळा हे माप निरक्षरालाही कळते. पाणी चढू लागले की सराफ बाजार व भांडी बाजार येथील दुकानदार माल हलवू लागतात. त्यासाठी त्यांना कोणाच्या आदेशाची प्रतीक्षा करावी लागत नाही.

आपत्तिनिवारणातील तंत्रज्ञानाचा विचार या मूर्तीपासून सुरू करणे उचित ठरेल. इशारा म्हणजे केवळ मोजमाप नव्हे. त्या मोजमापाचा अर्थ ज्याच्या दारात पाणी येणार आहे त्याला वेळेवर कळणे, हा इशाऱ्याचा उत्तरार्ध होय. पूर्वार्ध यंत्रे उत्तम पार पाडतात. उत्तरार्ध मात्र अद्याप माणसांकडेच आहे.

गोदावरीचेच उदाहरण घ्यावे. शहराच्या वरच्या अंगास गंगापूर धरण आहे. पाणलोट क्षेत्रातील पाऊस मोजला जातो, जलाशयाची पातळी नोंदली जाते, विसर्ग ठरविला जातो आणि पुढे होळकर पुलापाशी नदीतील प्रवाह पाहिला जातो. हे सर्व आकडे क्युसेकमध्ये जाहीर होतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, अर्थात सुमारे २८ लिटर पाणी. १० हजार क्युसेक म्हटले की दर सेकंदास सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी वाहते. अभियंत्यास एवढी माहिती पुरेशी आहे. निफाड तालुक्यातील सायखेड्याच्या शेतकऱ्यास मात्र वेगळेच जाणून घ्यायचे असते : पाणी गोठ्यापर्यंत येईल काय, आणि येणार असेल तर किती वाजता?

या प्रश्नाचे उत्तर एका धरणाच्या आकड्यात मिळत नाही. नदीच्या दोन बाजूंना वसलेल्या सायखेडा आणि चांदोरी या गावांना गोदावरीबरोबर दारणेचेही पाणी येऊन मिळते, आणि खाली नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याची फूग असते. धरणाखालच्या ओढ्यानाल्यांत पडणारा पाऊस तर विसर्गाच्या आकड्यात धरलेलाच नसतो. २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांच्या पुरांनी नाशिककरांना याची जाणीव करून दिली आहे.

असाच घोटाळा पूररेषांविषयीही होतो. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असे सांगितले जाते. ‘एकदा येऊन गेला, आता २५ वर्षे निश्चिंती’ असा त्याचा अर्थ अनेकजण लावतात. तो चुकीचा आहे. तसा पूर कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता शेकडा ४ असते, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा तेवढीच राहते.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या डोंगराळ भागांतील वाड्यापाड्यांना तर पूरमापक पट्टीचाही आधार नाही. तेथे संकट डोंगरावरून येते. पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गाव जागेवर नाही ही वार्ता बाहेर पोहोचविली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. चालकाने. सांगण्यासाठी गावात फारसे कोणी उरले नव्हते. म्हणून जमिनीला पडलेली नवी भेग, कललेली झाडे वा विजेचे खांब, झऱ्याचे एकाएकी गढूळ झालेले पाणी या खुणा ओळखून वेळीच स्थलांतर करणे, हाच तेथील खरा इशारा होय.

संदेशवहनाची साधने आज पुष्कळ आहेत. ग्राम सुरक्षा यंत्रणेत एका गावकऱ्याने दूरध्वनीवर सांगितलेला निरोप त्याच्याच आवाजात गावातील नोंदणीकृत सर्वांना एकाच वेळी ऐकू येतो. २०२३ साली मोठा आवाज करणाऱ्या धोक्याच्या संदेशाची चाचणी देशातील भ्रमणध्वनींवर घेण्यात आली. ही साधने अवश्य वापरावीत. तथापि वादळी रात्री वीज जाते, मनोरा बंद पडतो, वृद्धांच्या हाती भ्रमणध्वनी नसतो. अशा वेळी शाळेची घंटा, ध्वनिक्षेपक व दवंडी यांची योजना आधीच ठरलेली असावी.

यासाठी मोठा निधी लागत नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी गावातील वडीलधाऱ्यांना विचारून मागील पुरांच्या पातळ्या शाळेच्या वा चावडीच्या भिंतीवर वर्षासह रंगवाव्यात. पुढील प्रत्येक पुरात वरून किती क्युसेक पाणी निघाले आणि ते किती तासांनी गावातील कोणत्या पायरीला लागले, याची वही ठेवावी. तीनचार पावसाळ्यांत गावाचे स्वतःचे कोष्टक तयार होऊ लागेल. पंचायतीने जूनपूर्वी आजारी, वृद्ध, अपंग व गरोदर स्त्रिया असलेल्या घरांची यादी करून कोणी कोणाच्या दारी जायचे हे नावानिशी ठरवावे. अधिकाऱ्यांनीही इशारा देताना क्युसेकच्या शेजारी ठिकाण आणि वेळ लिहावी : ‘सायंकाळी अमुक वाजेपर्यंत पाणी अमुक खुणेपर्यंत येण्याचा संभव आहे.’

तंत्रज्ञानाची माहिती देणारा पाहुणा व्याख्याता दोन तासांत निघून जातो. नदी आणि डोंगर गावाजवळच राहतात. तेव्हा त्याच्याकडून यंत्राचे ज्ञान घ्यावे, आणि निरोप देण्यापूर्वी त्याला एकदा नदीकाठी नेऊन गावाची खूण दाखवावी. त्याचा आकडा आणि गावाची खूण एकाच वहीत शेजारी शेजारी लिहिली गेली, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात गोठ्यातील जनावरे वेळेवर सुटतील आणि झोपलेले घर वेळेवर जागे होईल.