हरायची मुभा

(स्नेहमेळाव्यातील मनोगत. बॅच : दहावी, मार्च १९९६)



संयोजकांनी प्रत्येकाला सात मिनिटं दिली आहेत आणि विषय आपापल्या आवडीचा. आत्तापर्यंत ट्रेकिंग झालं, गच्चीवरची बाग झाली, मधुमेहही झाला. मी व्हिडिओ गेमवर बोलणार आहे. हसा, हरकत नाही. पंचेचाळिशीची बाई, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी, घरात बारावीतला मुलगा, आणि रात्री जेवणं आवरली की हातात कंट्रोलर. रागवायचं कुणी कुणाला, हा आमच्याकडे रोजचा प्रश्न आहे.

आपल्या वेळचा गेम आठवतो ना? टीव्हीला जोडायचा डबा, त्यात कॅसेट फुंकर मारून घालायची, मारिओ नाहीतर कॉन्ट्रा. कॉन्ट्रात तीन जीव मिळायचे. ते संपले की ‘गेम ओव्हर’. मी आता खेळते ते रोल-प्लेइंग गेम. त्यात आपण एक पात्र घ्यायचं, त्याला हत्यारं मिळवून द्यायची, त्याची ताकद वाढवायची आणि एका कल्पित राज्यात हिंडायचं. वाटेत अधूनमधून एखादा महाबलाढ्य शत्रू आडवा येतो. त्याला बॉस म्हणतात. ऑफिसातल्या कुणाशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा.

‘एल्डन रिंग’ नावाचा एक जपानी गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. त्यात एका किल्ल्याच्या दारात मार्गिट नावाचा बॉस उभा असतो. जगभरातले लाखो लोक या दारात आपटले. मीही अकरा संध्याकाळी आपटले. त्या अकरा संध्याकाळींत जे कळलं ते तुम्हाला सांगते, कारण ते फक्त गेमपुरतं नाही.

पहिली गोष्ट, आधी बघायचं. मार्गिट काठी उगारतो आणि तशीच वर धरून ठेवतो. आपण घाबरून लगेच कोलांटी मारतो, ती संपते, आणि मग काठी खाली येते ती बरोबर डोक्यात. म्हणून एक-दोन डाव फक्त बघण्यासाठी घालवायचे, घाव घालायचाच नाही. काठी किती वेळ वर राहते, कुठल्या घावानंतर तो थबकतो, हे मोजायचं. आपण जखमी होऊन औषधाची कुपी तोंडाला लावली की तो लांबून सुरे फेकतो, हेही तेव्हाच लक्षात येतं. आम्ही प्रोग्रॅम बिघडला की कोडला हात लावण्याआधी लॉग वाचतो, तसंच हे.

दुसरी गोष्ट, हाव धरायची नाही. आपल्या पात्राच्या दमाची एक हिरवी पट्टी असते. प्रत्येक घावाला ती थोडी संपते आणि कोलांटी मारायलाही तोच दम लागतो. शत्रू मरायला आला की वाटतं, अजून एक घाव. त्या एका घावात दम संपतो आणि जिंकत आलेला डाव जातो. दोन घाव घालून बाजूला व्हायचं, हे हाताला शिकवावं लागतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. त्या दारातून निघून जाता येतं. मार्गिट तिथेच राहतो, कुठे जात नाही. दक्षिणेकडे जायचं, छोट्या लढाया जिंकायच्या, तलवारीला धार लावायला लागणारे दगड गोळा करायचे, अंगात बळ आणायचं आणि मग परत यायचं. त्या किल्ल्याला वळसा घालून पुढे नेणारी एक आडवाटसुद्धा आहे.

आपल्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ अजून नगरच म्हणते. तर या नगरकरांना ही युक्ती नवी नाही. इथून जवळच भातवडी आहे. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा मिळून निजामशाहीवर चालून आल्या. मलिक अंबरकडे तेवढं सैन्य नव्हतं. त्याने तलावाचा बांध फोडून समोरच्याच्या तळाभोवती चिखल केला, रसद तोडली, रात्रीचे छापे घातले. शहाजीराजे त्या लढाईत होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. समोरचा आपल्याहून मोठा असेल तर आधी जमीन बदलायची, हे आपण इतिहासाच्या तासाला पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं.

चौथी गोष्ट, मदत मागायची. या गेममध्ये दुसऱ्या खेळाडूला आपल्या लढाईत बोलावता येतं. मलेनिया नावाची बॉस तर मार्गिटहून कितीतरी अवघड. तिच्यापुढे हात टेकलेल्या लोकांसाठी एक अनोळखी खेळाडू रोज तिच्या दाराशी आपली खूण ठेवून थांबायचा. अंगावर लंगोटी, डोक्यावर मातीचा घडा, दोन हातांत दोन तलवारी. नाव घेतलं होतं ‘लेट मी सोलो हर’, म्हणजे हिच्याशी मला एकट्याला लढू द्या. लोकांच्या वतीने त्याने तिला हजाराहून जास्त वेळा हरवलं. गेमच्या प्रकाशकांनी त्याला खरी तलवार भेट पाठवली.

आपल्या पुण्याच्या मंडळींनीही एक गेम केलाय, ‘राजी’. त्यात डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन धाकट्या भावाला सोडवायला राक्षसांच्या मागे निघते. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून पैसे उभारायची मोहीम काढली, ती फसली. त्यांनी काम सोडलं नाही. २०२० मध्ये गेम आला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पहिल्या पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळालं.

आता मुद्द्याचं. ‘एल्डन रिंग’मध्ये मेलं की जमवलेली सगळी पुंजी जिथे पडलो तिथेच राहते. परत तिथे गेलं की ती उचलता येते. वाटेत पुन्हा मेलं तर मात्र ती जाते. पण पात्र जातं का? नाही. त्याला कुणी गेममधून काढून टाकत नाही. हरणं हा तिथे शिकण्याचा एक तास असतो.

आपल्या हजेरीपटावर ५४ नावं होती. आज इथे ३१ जण आहोत. काही परदेशात आहेत, दोघं आता या जगात नाहीत. बाकीच्यांची यादी मी संयोजकांबरोबर बसून पाहिली. त्यातले बहुतेक जण जून १९९६ च्या निकालात राहिलेले आहेत. तेव्हा ऑक्टोबरला बसायची सोय होती, पण तोवर कुणाला दुकानात बसवलं होतं, कुणाचं लग्न ठरवलं होतं. आता २०१५ पासून निकालानंतर लवकरच फेरपरीक्षा होते, वर्ष वाया जात नाही. तेवढी मुभा या मुलांना नव्हती.

त्यांच्यातल्या एकीला मी फोन केला. ती म्हणाली, “अगं, मी कुठे पास झाले? मी कसली माजी विद्यार्थिनी?” आज तिची स्वतःची खानावळ आहे, हाताखाली सहा बायका आहेत, आणि हिशेब ती तोंडी करते. बीजगणिताच्या एका पेपरामुळे ती २९ वर्षं या शाळेच्या फाटकातून आत आलेली नाही.

म्हणून एक सूचना मांडते. पुढच्या मेळाव्याचं आमंत्रण त्यांना मोबाइलवर पाठवू नका. दोघादोघांनी घरी जायचं, चहा प्यायचा आणि तारीख त्यांना विचारून ठरवायची. आणि आपल्यापैकी ज्यांची मुलं यंदा दहावी-बारावीला आहेत, त्यांनी निकालाच्या दिवशी मार्क विचारण्याआधी मुलांना जेवायला वाढा.

खानावळीचा पत्ता माझ्याकडे आहे. रविवारी मी जाणार आहे. सोबत कोण येतंय ते जेवणाच्या पंगतीत सांगा.