हात आखडता घेणारा गव्हर्नर

घरासाठी कर्ज घेणारा माणूस पगारातून हप्ता भरतो. ऑफिसच्या इमारतीचं कर्ज फिटतं ते भाड्यातून. भाडं देणारी कंपनी अजून आलेली नसते, मनोऱ्याच्या काचाही बसलेल्या नसतात, आणि बँकेनं पैसे मोजलेले असतात. तेजीत या धंद्यातले सगळेच शहाणे दिसतात.

२००५ साली मुंबईत अशीच तेजी होती. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं बंद गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या. ज्युपिटर मिलला २७६ कोटी रुपये आले, मुंबई टेक्स्टाइल मिलला ७०२ कोटी. ज्या गिरणगावात भोंग्यावर घड्याळं लावली जायची, तिथं मॉल आणि ऑफिसं उभी राहत होती. (गिरणी कामगारांच्या वाट्याला काय आलं, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे.)

रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर तेव्हा वाय. व्ही. रेड्डी होते. १९६४ च्या तुकडीचे आयएएस अधिकारी, १९९६ पासून सहा वर्षं डेप्युटी गव्हर्नर, मग काही काळ वॉशिंग्टनला नाणेनिधीत, आणि सप्टेंबर २००३ पासून गव्हर्नर.

साधारण शंभर रुपयांच्या कर्जामागे बँकेला किमान नऊ रुपये स्वतःचं भांडवल ठेवावं लागतं. कर्ज धोक्याचं असेल तर त्यावर जास्त ‘जोखीमभार’. शब्द सरकारी आहे, पण माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्यालाही आवडावा असा. व्यापारी इमारतींच्या कर्जावरचा हा भार रेड्डींच्या काळात जुलै २००५ मध्ये १०० वरून १२५ टक्के झाला आणि मे २००६ मध्ये १५०. म्हणजे नऊ रुपयांचे साडेतेरा झाले. कर्जाला बंदी नव्हती. ते बँकेला महाग पडू लागलं, इतकंच. बिल्डरला नुसती जमीन घ्यायला बँकेनं पैसे द्यायचे नाहीत, हा नियमही त्यांनी सैल होऊ दिला नाही.

यावर बिल्डर कुरकुरले, बँकवालेही. त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. कर्ज बुडालेलं नसताना सावध करणाऱ्याकडे दाखवायला पुरावा काय असतो?

५ सप्टेंबर २००८ ला रेड्डींची मुदत संपली. दहाच दिवसांनी अमेरिकेत लेहमन ब्रदर्स कोसळली. तिचे अब्जावधी डॉलर व्यापारी इमारतींत अडकले होते. त्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये जो नोसेरा यांनी भारतीय बँका कशा वाचल्या ते लिहिलं आणि रेड्डींना मोठं श्रेय दिलं. नोव्हेंबरातच रिझर्व्ह बँकेनं तो भार पुन्हा १०० टक्क्यांवर आणला होता. तेजीत चढवून ठेवला होता, म्हणून मंदीत उतरवता आला.

पण पैसा दुसरं दार शोधतो. बँकेनं हात आखडला की बिल्डर बिगरबँक वित्त कंपन्यांकडे वळतात. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस बुडाली, तेव्हा या कंपन्यांनाच पैसा मिळेना, आणि कितीतरी अर्धवट इमारतींचं काम होतं त्या मजल्यावर थांबलं.