घाटातली मोटार आणि संकटकाळची पेटी



पंधरवड्यात मृग नक्षत्र लागेल, आणि ज्यांची देशावरून कोकणात व कोकणातून देशावर ये-जा चालते त्यांना वरंधा, ताम्हिणी, कुंभार्ली, आंबोली या घाटांतून धुके, दरडी आणि कोसळता पाऊस सोशीतच मोटार हाकावी लागेल. पूर्वीचा गाडीवान बैल जुंपण्यापूर्वी वंगण, दोरखंड, कंदील आणि दशम्यांचे गाठोडे यांची तजवीज करूनच निघे, कारण वाटेत मोडलेल्या गाडीला आपल्याखेरीज त्राता नाही हे तो जाणून होता. आपण मात्र गॅरेज आणि खिशातला मोबाइल यांच्या भरवशावर ती तजवीज सोडून दिली आहे, आणि हा भरवसा नेमका घाटाच्या मधोमध, जिथे मोबाइलला रेंज मिळत नाही, तिथे अपुरा पडतो. म्हणून मोटारीत बाळगावयाच्या संकटकाळच्या पेटीविषयी आज बोलण्याचे मी योजिले आहे.

या पेटीत पहिला मान कोणाला द्यावा, असे विचारले तर बहुतेक जण मलमपट्टीचे नाव घेतील; माझ्या मते तो मान लाल परावर्तक त्रिकोणाचा आहे. बंद पडलेली मोटार आपली गैरसोय करते, पण मागून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या ती प्राणावर बेतू शकते. पावसाच्या झडीत, वळणाआड उभी असलेली ती काळी आकृती त्याच्या दृष्टीस पडते तेव्हा ब्रेक लावण्यापुरतेही अंतर पुष्कळदा उरलेले नसते. अशा वेळी गाडीमागे झाडाच्या फांद्या टाकण्याची आणि रस्त्यावर दगडांची ओळ मांडण्याची रीत आपल्याकडे अजून रूढ आहे. फांदी रात्री चकाकत नाही; आणि दगड तर गाडी दुरुस्त होऊन मार्गस्थ झाल्यावरही तिथेच राहतात, त्यांवर मग एखादा दुचाकीस्वार आदळतो. ही रीत आपण निग्रहाने सोडली पाहिजे. नव्या गाडीबरोबर त्रिकोण आणि प्रथमोपचाराची पेटी देण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे, तथापि कित्येक गाड्यांतून तो त्रिकोण कारखान्यातून आला तसाच वेष्टनात पडून असतो. तो बाहेर काढून, उघडून उभा कसा करावयाचा याचा सराव दिवसाउजेडी घरीच करावा. सरळ महामार्गावर तो गाडीच्या मागे निदान ५० मीटर अंतरावर असावा, आणि गाडी वळणावर बंद पडली असेल तर वळण सुरू होण्याच्याही अलीकडे. तो ठेवावयास जाताना परावर्तक जाकीट अंगात असावे, आणि त्यापूर्वीच मुलामाणसांना रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी उभे करावे.

दुसरा जिन्नस काच फोडण्याची हातोडी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि पाण्याने वेढलेल्या मोटारींत अडकून, दारे-काचा न उघडल्यामुळे, काही माणसे आतल्या आत गुदमरून दगावली. समोरची काच दोन थरांमध्ये पापुद्रा घालून केलेली असते, ती तडकते पण सहसा निखळत नाही. बाजूच्या काचा बहुधा कडक केलेल्या असतात आणि कोपऱ्याजवळ टोकदार घाव बसताच त्यांचा चुरा होतो. म्हणून घाव बाजूच्या काचेवर घालावा, आणि हातोडी, पट्टा कापण्याच्या पात्यासह, चालकाचा हात बसल्या जागी पोचेल अशा ठिकाणी असावी. डिकीत ठेवलेल्या हातोडीचा बुडत्याला काय उपयोग? अर्थात पेटीच्या सामर्थ्याला मर्यादा आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीला पूर येऊन जुना पूल कोसळला, एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. तिथे कोणत्याही पेटीने काही साधले नसते. गुडघाभर वाहते पाणीसुद्धा लहान मोटारीला ढकलून नेऊ शकते, तेव्हा फरशीवरून पाणी जात असेल तर थांबणे हाच बंदोबस्त.

बाकीच्या सरंजामाविषयी थोडक्यात सांगतो. टॉर्च, टो करण्याचा दोर, जंपर केबल, पिण्याचे पाणी, कोरडा खाऊ, एखादी शाल, आणि ११२ व १०८ यांखेरीज घरच्या माणसांचे क्रमांक कागदावर लिहिलेले असावेत. स्टेपनीत हवा आहे की नाही हे दरमहा पाहावे. आणि ट्यूबलेस टायरच्या काही गाड्यांना स्टेपनीऐवजी पंक्चर काढण्याचा संच देण्याची मुभा २०२० पासून मिळाली असल्यामुळे आपल्या डिकीत नेमके काय आहे याची खातरी प्रवासापूर्वीच करून घ्यावी. चाकाचे नट जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर टेकलेले असतानाच सैल करावेत, हेही घरातल्या प्रत्येक चालकाला एकदा करून दाखवावे. औषधे मात्र उन्हाळ्यात गाडीत सोडू नयेत. बंद गाडीतल्या उष्णतेने त्यांचा गुण जातो.

मलमपट्टीकडे मी शेवटी येतो ते ती गौण म्हणून नव्हे. ही पेटी आपल्यापेक्षा वाटेत भेटणाऱ्या दुसऱ्याच कोणा जखमीसाठी उघडावी लागण्याचा संभव मोठा आहे, म्हणून तीत निर्जंतुक कापडाच्या जाड घड्या, रुंद पट्ट्या आणि हातमोजे भरपूर असावेत. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरणे एवढे कोणालाही जमते. पोलीस-चौकशीचा ससेमिरा लागेल या धास्तीने पुष्कळ सज्जन काच वर करून पुढे निघून जातात. त्यांच्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घातले गेले आहे: सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, मदतीत काही चूक होऊन जखमीला इजा झाली तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, आणि त्या कलमाखालच्या नियमांप्रमाणे त्याच्यावर आपले नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. या कलमाची एक छापील प्रत मलमपट्टीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावी, अशी माझी सूचना आहे.