समुद्राचा हिशेबनीस : सिडनी होल्ट

१९३९ साली महायुद्ध पेटले आणि उत्तर समुद्रातील मासेमारी जवळजवळ थांबली. कित्येक ट्रॉलर नौका पाणसुरुंग वेचण्याच्या कामी लागल्या, त्यांवरील खलाशी नौदलात गेले. सहा वर्षांनी जाळी पुन्हा पाण्यात पडली, तेव्हा वर आलेला मासा पूर्वीपेक्षा विपुल होता आणि आकारानेही मोठा होता. माणसाने हात आखडला की समुद्र भरून येतो, ही गोष्ट पहिल्या महायुद्धानंतरही दिसून आली होती. परंतु हात नेमका किती आखडावा, हे मात्र कोणाला सांगता येत नव्हते.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्यांचे तारुण्य गेले, त्यांपैकी एक सिडनी होल्ट. १९२६ साली पूर्व लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. रेडिंग विद्यापीठातून पदवी घेऊन ते १९४६ मध्ये लोस्टॉफ्ट येथील मत्स्यसंशोधन प्रयोगशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना रे बेव्हर्टन हा सहकारी लाभला. दोघांनी मिळून लिहिलेला पाचशेहून अधिक पानांचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. मत्स्यविज्ञानाची भाषाच त्या ग्रंथाने बदलून टाकली.

त्यातील मध्यवर्ती विचार कोणत्याही बागायतदाराला उमजावा असा आहे. एकाच हंगामात जन्मलेल्या माशांचा एक जथा कल्पावा. दिवसागणिक त्यातील काही मरतात, म्हणून संख्या घटते. उरलेले वाढतात, म्हणून प्रत्येकाचे वजन चढते. या दोहोंच्या ओढाताणीत साऱ्या जथ्याचे एकूण वजन एका विशिष्ट वयाला सर्वांत अधिक भरते. त्याआधी मासा काढणे म्हणजे कैरीच तोडून मोकळे होणे, आणि फार काळ थांबणे म्हणजे पिकले फळ गळू देणे. ते वय कोणते, आणि ते साधण्यासाठी जाळ्याचा आस किती रुंद ठेवावा, हे या दोघांच्या समीकरणांनी सांगता येऊ लागले. विक्रीस आणावयाच्या माशाची किमान लांबी ठरविणारे जे नियम अलीकडे केरळ आणि महाराष्ट्र या राज्यांनी केले, त्यांच्या मुळाशी हाच हिशेब आहे.

होल्ट एवढ्यावर थांबले असते तरी त्यांचे नाव राहिले असते. पण १९५० नंतरच्या दशकात ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले, आणि तेथे त्यांची गाठ देवमाशांशी पडली.

देवमासा हा मासा नव्हे, पिलांना दूध पाजणारा प्राणी आहे. मादीला दोन-तीन वर्षांतून एखादेच पिलू होते. अशा प्राण्याची शिकार अंटार्क्टिक समुद्रात कारखान्याच्या वेगाने चालली होती. १९३०-३१ या एकाच हंगामात निळे देवमासे एकोणतीस हजारांहून अधिक मारले गेले. १९४६ च्या करारान्वये आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला खरा, पण त्याची मोजणीच विचित्र होती. एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन, किंवा अडीच कुबड असलेले, किंवा सहा सेई, असे एक 'एकक' धरून साऱ्यांचा मिळून एकच कोटा ठरे. परिणामी फिन देवमाशांच्या शोधार्थ निघालेल्या जहाजाला वाटेत शेवटचा निळा देवमासा दिसला, तरी त्याला सोडून देण्याचे काही कारण उरत नसे.

१९६० साली आयोगाने संख्याशास्त्र जाणणाऱ्या तिघांची समिती नेमली. अमेरिकेचे चॅपमन, न्यूझीलंडचे अॅलन आणि होल्ट हे ते तिघे. पुढे जॉन गलंड चौथे आले. १९६३ साली समितीने सांगितले की, अंटार्क्टिकात निळे देवमासे दोन हजारांच्या आतच उरले असावेत, आणि कोटा दहा हजार एककांचा ठेवला तरी पुढच्या हंगामात तेवढी शिकार सापडणारच नाही, फार तर साडेआठ हजार एकके मिळतील. कोटा दहा हजारच ठेवण्यात आला. हंगाम संपला तेव्हा हाती आली सुमारे आठ हजार चारशे एकके! हिशेब इतका अचूक ठरल्यावर तरी तो मानला जावा. पण कपात ठरली ती रडतखडत, वर्षानुवर्षांच्या वाटाघाटींनंतर. ब्रिटन आणि हॉलंड यांनी तोवर हा धंदाच सोडला होता. १९७३ साली कॅनडाचे गणितज्ञ कॉलिन क्लार्क यांनी यामागचे कारण उघड केले. देवमासा ज्या मंदगतीने वाढतो त्याहून बँकेतील व्याज जलद वाढते, म्हणून सगळे मारून पैसा गुंतविणे हेच धंद्याच्या दृष्टीने फायद्याचे.

होल्ट बदलले ते या अनुभवाने. सल्ला देऊन बाजूला बसणारा शास्त्रज्ञ मागे पडला आणि आयोगाच्या सभागृहात बाजू लढविणारा माणूस पुढे आला. १९७८ साली ली टॅलबट यांच्यासह लिहिलेल्या प्रबंधात, 'जास्तीत जास्त स्थिर उत्पन्न' हे ध्येय मानण्याच्या रूढ कल्पनेवरच त्यांनी आघात केला. ती कल्पना ज्या शास्त्राच्या आधारावर उभी होती, ते घडविण्यात त्यांचा स्वतःचा वाटा मोठा होता, हे येथे ध्यानात घ्यावे. त्यांनी शास्त्रज्ञाची तटस्थता सोडली, असा आक्षेप काही समव्यावसायिकांनी घेतला. तो अगदीच पोकळ नव्हता; वकिलाला सोयीचे आकडे निवडण्याचा मोह होतोच. मात्र ज्यांच्या आकड्यांवर आयोग विसंबला होता, त्यांची तटस्थता काय मोलाची होती, हे १९९३ नंतर कळले. सोव्हिएत नौकांनी दक्षिण गोलार्धात कुबड असलेले देवमासे तीन हजारांहून कमी मारल्याचे कळविले होते. प्रत्यक्षात ते अठ्ठेचाळीस हजारांवर होते.

१९७९ साली सेशल्स या चिमुकल्या द्वीपराष्ट्राने हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य करावा, अशी सूचना मांडली. त्या शिष्टमंडळात होल्ट होते. ठराव संमत झाला, आणि अरबी समुद्र व बंगालचा उपसागर यांसह पंचावन्न अक्षांश दक्षिणेपर्यंतचे पाणी व्यापारी शिकारीला बंद झाले. भारत १९८१ मध्ये आयोगाचा सभासद झाला. पुढच्याच वर्षी ब्रायटन येथे सर्वच व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव पंचवीस विरुद्ध सात मतांनी मंजूर झाला. अशा ठरावाला तीन-चतुर्थांश बहुमत लागते. आणखी दोन मते विरोधात पडती, तर तो फेटाळला गेला असता. १९९४ साली अंटार्क्टिकाभोवतीचा सागरही अभयारण्य झाला.

अखेरची वर्षे होल्ट यांनी इटलीतील एका डोंगराळ गावात काढली. तेथून त्यांचे लेखन आणि वाद चालूच होते. २०१९ च्या जूनअखेर जपानने आयोग सोडला आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या सागरी हद्दीत व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली. अंटार्क्टिकात मात्र त्याची जहाजे त्यानंतर शिकारीला गेली नाहीत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, होल्ट यांचे निधन झाले.