मज्जापेशींच्या फांद्या आणि चिकट प्रथिने



तंबाखूचा शेंडा खुडला की बगलेतून फुटवे येतात, हे निपाणीकरांना मी सांगावयास नको. त्यांतले काढावयाचे कोणते, हे शेतकरी पाहतो. मेंदूतील मज्जापेशीलाही अशाच फांद्या फुटतात. पण त्या एकमेकींत न गुंतता पसराव्यात, हे तेथे कोण पाहते?

पेशीच्या अंगावर काही प्रथिने असतात. ती शेजारच्या पेशीस धरतात, म्हणून त्यांना चिकट प्रथिने म्हणू. विटेला वीट धरणाऱ्या चुन्यासारखे त्यांचे काम असावे, असे कोणासही वाटेल. पण फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माशीत डीस्कॅम नावाचे जे प्रथिन आहे, त्याची तऱ्हा निराळी. त्याच्या एकाच जनुकापासून ३८,०१६ रूपे बनू शकतात, असे २००० साली उघड झाले. जनुकात चार जागी अनुक्रमे १२, ४८, ३३ व २ पर्याय आहेत. गुणाकार घरी करून पाहावा! प्रत्येक पेशी त्यांतली मोजकीच रूपे अंगावर वागवते. एकाच पेशीच्या दोन फांद्या भेटल्या की सारखी रूपे एकमेकांस धरतात, आणि धरताच फांद्या मागे सरून वेगळ्या वाटेने वाढतात. परक्या फांदीशी रूप जुळत नाही, म्हणून तिला ओलांडण्यास हरकत नसते. सोयरीक ठरविताना गोत्र एक निघाले की आपल्याकडे बोलणे तेथेच थांबते, तसेच हे. प्रथिन काढून टाकले तर त्याच पेशीच्या फांद्या एकमेकींवर गोळा होतात. सस्तन प्राण्यांत असेच काम प्रोटोकॅडहेरिन नावाची प्रथिने करतात. उंदराच्या नेत्रपटलात ते २०१२ साली दिसून आले.

माशीचा हा अभ्यास आपल्याला परका नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला; पुढे तेथे याच माशीच्या वास व चव ओळखण्यावर काम झाले.

आता डीस्कॅममधला ‘डी’. तो डाऊन या नावाचा. माणसातील हे जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर आहे, आणि डाऊन लक्षणसमूहाच्या मुलांत ते गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते, हे १९५९ साली समजले. मात्र त्या गुणसूत्रावर इतरही शेकडो जनुके आहेत. नावावरून सारा दोष एकट्या डीस्कॅमच्या माथी मारू नये. आईच्या माथी तर मुळीच नाही. तिचे वय अधिक असल्यास संभव वाढतो, एवढे खरे. पण जादा गुणसूत्र बहुधा बीजपेशी घडतानाच शिरते. ग्रहणात सुनेने विळी हाती धरली म्हणून ते येत नाही.